सादळलेला चिवडा आणि उणे चोवीस

7 जानेवारी, सिंगापूर

पुतण्याच्या घरी पोचलो तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते आणि बाहेर मिट्ट काळोख. विषुववृत्ताला खेटून असलेल्या गावात सूर्याला एवढा उशीर का, तर तो घड्याळाचा कारभार आहे. नकाशाप्रमाणे सिंगापूरची वेळ जागतिक वेळेच्या सात तास पुढे हवी. 1982 पासून ती आठ तास पुढे आहे. त्यामुळे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपासच मावळतो, मग जानेवारी असो की जून. पुतण्याची मुलगी वर्षभर अंधारातच शाळेला निघते. हिवाळ्यात दिवस लहान होतो हे तिला पुस्तकातून शिकावं लागतं.

आम्ही दोघं खरं तर निघालो होतो फिनलंडला, लेकीकडे, नातीच्या बोरन्हाणाला. वाटेत सिंगापूर करायचं ठरलं, कारण पुतण्या पाच वर्षं बोलावत होता. मी सगळी नोकरी एका महापालिकेत पावसाळी गटारांच्या खात्यात काढली. परगावी गेलं की लोक इमारती बघतात, मी जाळ्या आणि उतार बघतो. ही वैतागते, पण आता इलाज नाही.

हिने पुण्याहून चिवड्याचे दोन डबे आणले होते. एक इथे फोडला. बशीत काढला, गप्पा रंगल्या आणि अर्ध्या तासात पोहे सादळले. पुतण्याच्या बायकोने हसून तो परत कढईत घातला. ओटा, कपाटं, पुस्तकं, सगळ्यांशी इथे दमटपणाचं भांडण चालू असतं. चामड्याचा पट्टा चार महिने कपाटात राहिला तर त्यावर बुरशी धरते. कॅमेऱ्यासाठी पुतण्याकडे विजेवर चालणारं छोटं कपाट आहे. आतली हवा कोरडी ठेवणं एवढंच त्याचं काम. माणसांपेक्षा लेन्सची बडदास्त जास्त.

सरकारी वसाहतीत वरच्या मजल्यांवरून लांब काठ्यांवर कपडे वाळत टाकलेले दिसतात. पावसाची चाहूल लागली की एका रांगेत खिडक्या उघडतात आणि काठ्या भराभर आत जातात. इथे ढग कुणाला विचारून येत नाही. दहा मिनिटं धो धो, की पुन्हा ऊन.

8 जानेवारी, सिंगापूर

आज हट्टाने पायी निघालो. घराखालचा मजला मोकळा, नुसते खांब. तिथून छप्पर असलेली पायवाट, ती थेट मेट्रोच्या जिन्यापर्यंत. बाहेर 31 अंश, पण डोक्यावर ऊन म्हणून पडलं नाही. स्टेशनांपासून शाळा, दवाखाने, वसाहतींपर्यंत अशा छपराच्या वाटांचं जाळं या शहराने 200 किलोमीटरपर्यंत वाढवलं. कल्पना जुनीच आहे. सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या 1822 च्या नगररचनेतच दुकानांपुढे सलग ओसरी ठेवायची असा दंडक होता. चायनाटाउनमध्ये त्या ओसऱ्या अजून आहेत, आणि आपल्या फोर्टातल्या कमानींखाली चालल्यासारखं वाटतं, फक्त इथे मध्येच ठेला लागत नाही.

आता माझा विषय. मुंबईत वर्षाला जेवढा पाऊस पडतो, त्याच्या आसपासच सिंगापुरात पडतो. पण मुंबईचा चार महिन्यांत ओततो आणि इथला बारा महिन्यांना वाटून येतो. आम्ही मेअखेरपर्यंत नालेसफाईची बिलं काढायचो आणि ऑक्टोबरात ते खातं विसरायचो. इथे विसरायला महिनाच नाही. तरीही 2010 च्या जूनमध्ये ऑर्चर्ड रोड, म्हणजे यांची सगळ्यात महागडी बाजारपेठ, पाण्याखाली गेली होती. त्यानंतर पाणी वळवायला नवा कालवा काढला आणि बोटॅनिक गार्डनजवळ जमिनीखाली 38,000 घनमीटरची टाकी बांधली. पावसाचा जोर असेपर्यंत पाणी तिथे थांबवायचं आणि ओसरला की कालव्यात सोडायचं. 2018 मध्ये दोन्ही कामं पुरी झाली. मी ती जागा बघायला गेलो. बघण्यासारखं वर काहीही नाही, हिरवळ आहे. हिने घड्याळाकडे तीनदा पाहिलं.

दुपारी मरीना बेला. तिथल्या उंच इमारतींना स्वतःची थंड करायची यंत्रं लागत नाहीत. जमिनीखालच्या कारखान्यात पाणी गार करतात आणि नळांनी इमारतींना पुरवतात, आपल्याकडे पिण्याचं पुरवतात तसं. पंतप्रधान झाल्यावर आपण पहिल्यांदा सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले, असं ली क्वान यू स्वतः सांगत; त्याशिवाय या हवेत दुपारी कुणी फाईल उघडली नसती असा त्यांचा हिशेब. पुतण्याच्या खुर्चीवर वर्षभर एक स्वेटर लटकलेला असतो. 31 मधून 22 मध्ये जायचं आणि शिंकत बसायचं.

रस्त्याच्या पलीकडे मात्र खोदकाम चालू होतं. बहुतेक मजूर तमिळनाडूचे आणि बांगलादेशचे. गळ्यापर्यंत झाकणारे बाह्यांचे सदरे, हेल्मेटखाली ओला रुमाल. ऊन, दमटपणा आणि वारा धरून काढलेला उष्णतेचा एक वेगळा आकडा असतो. तो 32 वर गेला की जड काम करणाऱ्यांना तासाला किमान दहा मिनिटं सावलीत बसवायचं, असा इथे 2023 पासून नियम आहे. दहा मिनिटं ते ताडपत्रीखाली बसले, पाणी प्याले, उठले. पुतण्याच्या कचेरीतला स्वेटर आणि ही ताडपत्री यांच्यात अंतर फार तर दोनशे मीटर.

9 जानेवारी, सिंगापूर

पहाटेपासून संततधार. चीनकडून थंड वारे दक्षिण चीन समुद्रावरून जोराने खाली येतात तेव्हा दोन-तीन दिवस असं होतं. त्याला इथे मान्सून सर्ज म्हणतात. तापमान 23. मेट्रोत अर्ध्या लोकांनी जाकिटं घातली होती, एका आजोबांनी तर मफलर. पुतण्याची मुलगी पांघरुणातून बाहेर यायला तयार नव्हती. "काका, आज थंडी आहे, सूप पिऊ," पुतण्या गंभीरपणे म्हणाला. आम्हा पुणेकरांना ती हवा श्रावणातली वाटली.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, मोठाले पंखे मात्र फिरतच होते. चारी बाजू उघड्या, वर छप्पर. ऊन-पाऊस दोन्ही बाहेर आणि वारा आत. बाकावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची. वाड्यातल्या जेवणावळीत टोपी ठेवून पाट धरायचे, तोच प्रकार.

10 जानेवारी

रात्रीचं विमान. रशियावरून उडायला बंदी असल्यामुळे पूर्वीपेक्षा लांबचा वळसा. झोप नाही.

11 जानेवारी, हेलसिंकी

लेक विमानतळावर दोन मोठ्या पिशव्या घेऊन उभी. नमस्कार-चमत्कार नंतर, आधी तिने आम्हाला एका कोपऱ्यात नेऊन कपडे चढवले. आतला लोकरीचा थर अंगाला चिकटून, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. पायात लोकरीचे मोजे, बूट एक नंबर मोठे, कारण बोटांभोवती हवा राहिली तरच ऊब राहते. दोघांच्या जाकिटांना तिने चमकणाऱ्या पट्ट्या टांगल्या. अंधारात पायी चालणाऱ्याने अशी पट्टी लावायची हा इथला कायदाच आहे, आणि जानेवारीत अंधार म्हणजे काय ते लवकरच कळलं. बाहेर उणे 14. सूर्य सव्वानऊला उगवला आणि चारच्या आत गेला.

माझा आजचा दिवस आलेक्सांतेरिनकातू या रस्त्याने खाल्ला. सगळीकडे बर्फ आणि या बाजाररस्त्यावर ओली, स्वच्छ फरशी. शहरातल्या इमारती गरम पाण्याने उबदार ठेवतात; एका ठिकाणी पाणी तापवून जमिनीखालच्या नळांनी घरोघरी पाठवतात. इमारतींतून ते काहीसं निवून परततं, आणि परततानाच्या त्या उरलेल्या उष्णतेवर मध्यवस्तीतले काही रस्ते खालून गरम ठेवतात. तीन दिवसांपूर्वी मी मरीना बेच्या फरशीवर उभा होतो, तेव्हा पायाखालून गार पाणी वाहत होतं. आज ऊन पाणी. दोन्हीकडे नकाशे जवळजवळ सारखेच दिसत असणार, फक्त बाणांचे रंग उलटे. एखाद्या शहराच्या जमाखर्चात हवामानाला स्वतःचं पान असलं की काय होतं, ते इथे दिसतं. आमच्याकडे ते पान "आकस्मिक खर्च" या सदरात असायचं, आणि पाऊस तर दरवर्षी जूनमध्ये न चुकता यायचा.

संध्याकाळी, म्हणजे दुपारी चारला, ओओदी वाचनालयात गेलो. वाचनालय म्हणजे नुसती पुस्तकं नाहीत. शिवणयंत्रं, संगीताच्या खोल्या, बुद्धिबळ, रांगणारी पोरं, पेपर वाचणारे म्हातारे. अंधाऱ्या महिन्यांत माणसांना एकमेकांत मिसळायला फुकटची उबदार जागा लागते, आणि ती शहराने संसदेसमोर बांधून ठेवली आहे. आपल्याकडे ते काम पार आणि कट्टे करतात. त्यांना भिंती लागत नाहीत, हा आपल्या हवेचा मोठेपणा.

12 जानेवारी, आगगाडीत

हेलसिंकी ते ओउलू, म्हणजे लेकीच्या गावी. दिवसाचं सगळं ऊन गाडीत संपलं. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला आणि तिथूनच परत फिरला. वर असा चढलाच नाही.

13 जानेवारी, ओउलू

उणे 24. श्वास घेतला की नाकातले केस आखडल्याचं कळतं. पायाखालचा बर्फ नव्या कोल्हापुरीसारखा करकरतो. उणे दोन-तीनला तो गप्प असतो, असं जावयाने सांगितलं. अनुभवी माणूस आवाजावरून तापमान सांगतो म्हणे.

इमारतीच्या वाहनतळात प्रत्येक जागेपाशी एक खांब, त्यात विजेचं बटण आणि वेळ लावायची तबकडी. गाडीच्या इंजिनाला वायर लावून ठेवायची. निघायच्या आधी तास-दोन तास इंजिन आपोआप तापतं. जावई रात्री झोपताना फोनबरोबर गाडीही चार्जिंगला लावतो असं वाटलं, पण गाडी साधी पेट्रोलची आहे.

सकाळी नातीला पाळणाघरात सोडायला गेलो. हे ठिकाण मी नीट बघून घेतलं. दार उघडलं की आधी एक छोटी खोली, मग दुसरं दार. थंडी आत यायला दोन उंबरे ओलांडायला लागतात. त्या खोलीच्या भिंतीला प्रत्येक मुलाचं खण-खुंटी, वर नाव नाही तर चित्र. नातीचं चित्र बेडकाचं. खाली एक पंख्याचं उंच कपाट, त्यात ओले हातमोजे, टोप्या, मोजे तारांवर अडकवलेले आणि आत गरम वारा फिरत असलेला. तीन-चार वर्षांची पोरं जमिनीवर बसून स्वतः कपडे घालत होती: आधी मोजे, मग लोकरी पँट, मग आपादमस्तक एकसंध सूट, त्याला ती *हालारी* म्हणतात, मग बूट, बुटांखालून रबरी पट्टा, आणि हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण ते घातले की बाकी काहीच घालता येत नाही. बाई नुसत्या बघत उभ्या. कुणाची चेन अडली तर पोर दुसऱ्या पोराकडे जायचं. वीस मिनिटं गेली. आमच्याकडे एवढ्या वेळात तीन आयांनी तीन पोरांना मारून-मुटकून तयार केलं असतं.

आणि मग आज बाहेर जायचं नाही असं कळलं. उणे 15 च्या खाली इथे मुलांना अंगणात सोडत नाहीत. मग कपडे कशाला चढवले? बाई म्हणाल्या, सराव. जावयाने भाषांतर केलं आणि स्वतःच हसला.

एरवी उणे दहापर्यंत तान्ही बाळं दुपारी बाबागाडीत, बाहेर, गोधडीत गुंडाळून झोपवतात. लेकीने नातीलाही तसंच झोपवलं होतं. हिला ते तेव्हा सांगितलंच नव्हतं, आज कळलं. दुपारचं जेवण शांततेत झालं.

14 जानेवारी, ओउलू

संक्रांत. सूर्य दहाला उगवला, तीनच्या आत मावळला. डिसेंबरच्या 21 ला इथे दिवस साडेतीन तासांचाच असतो, आज जवळपास पाच तास झाला होता. आपल्याकडे संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात आणि ते खरंही आहे. पुण्यात या दिवसांत रोज मिनिटभरही वाढत नाही. इथे रोज पाच-सहा मिनिटं वाढतो, आठवड्याला अर्ध्या तासाच्या वर. उत्तरायण म्हणजे काय ते या लोकांना पंचांगाशिवाय समजतं. न्याहारीच्या टेबलावर लेकीकडे एक पांढराशुभ्र दिवा आहे, त्याच्यासमोर बसून ती कॉफी पिते. डॉक्टरांनी सुचवलं म्हणे. दुधात ड जीवनसत्त्व तर 2003 पासून मिसळूनच येतं.

बोरन्हाण झालं. बोरं नाहीत, ऊस नाही. चुरमुरे, लाह्या, हलवा, चॉकलेटं. काळं झबलं पुण्याहून नेलं होतं. पाच-सहा मराठी घरं जमली. दुसरा चिवड्याचा डबा आज फोडला. संध्याकाळपर्यंत उघडा राहिला तरी कुरकुरीत तो कुरकुरीतच. घरातली हवा इतकी कोरडी की रात्री वाळत घातलेली जीन्स सकाळी कडक, आणि ओठ, टाचा, बोटांची पेरं सगळी फुटलेली. दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी. ही दिवसातून चारदा खोबरेल चोळते आहे.

जमलेल्यांत नांदेडचा एक विद्यार्थी होता. विद्यापीठात शिकतो आणि संध्याकाळी सायकलवरून घरोघरी जेवण पोचवतो. उणे 24 ला सायकल? तर इथे ते नवलाचं नाही. जगातली पहिली हिवाळी सायकलिंग परिषद 2013 मध्ये याच गावात भरली होती. मुख्य सायकलवाटा गाड्यांच्या रस्त्यांइतक्याच तातडीने, लोक कामाला निघायच्या आत साफ करतात. बर्फ पूर्ण खरवडत नाहीत. दाबून, दातेरी पात्याने वर खाचा पाडतात, मग चाक धरतं. मीठ घालत नाहीत, कारण उणे दहाच्या खाली मिठाचा फारसा उपयोग होत नाही.

पोराचं दुखणं वेगळं होतं. फोन थंडीने बंद पडतो, आणि फोन बंद पडला की ऑर्डर गेली. म्हणून तो फोन छातीशी, आतल्या खिशात, ऊब देणाऱ्या पुडीबरोबर ठेवतो. हातमोजे, सूट, खिळ्यांचे टायर, सगळं पदरचं. "नांदेडला मे महिन्यात दुपारी बाहेर पडायचं नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, काका. बाजारसुद्धा ओस पडतो. इथे हवेचं कारण सांगून कुणी थांबत नाही. आणि जितकी हवा वाईट, तितक्या ऑर्डरी जास्त." हिने त्याला तिळाच्या वड्या डब्यात भरून दिल्या. त्याने त्याही आतल्या खिशात ठेवल्या.

15 आणि 16 जानेवारी

समुद्रावर चालून आलो. नल्लिकारीच्या किनाऱ्यावरून सरळ पुढे. वाळू कुठे संपली आणि समुद्र कुठे सुरू झाला ते कळत नाही. दूरवर एकजण बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला होता. संध्याकाळी इमारतीच्या सामाईक सौनात, म्हणजे कडक तापवलेल्या खोलीत, आमची पाळी. 56 लाखांच्या देशात सौना 30 लाखांच्या घरात आहेत. मी दहा मिनिटं बसलो. एका भिंतीच्या अलीकडे 80, पलीकडे उणे 20. बाकी वर्णन इतरांनी पुष्कळ केलेलं आहे.

17 जानेवारी, ओउलू

मला वाटलं होतं की उणे 24 हाच इथला कठीण दिवस. तो आज आला, अधिक 1 वर.

रात्री हवा बदलली आणि बर्फावर पाऊस पडला. दाबलेला बर्फ वरून ओला होऊन काच झाला. फिनलंडचं हवामान खातं पायी चालणाऱ्यांसाठी निसरड्याचा वेगळा इशारा देतं. तो आज सकाळी आला. उणे 24 ला सायकलवर शाळेत जाणारी पोरं आज चालत, कुंपण धरून गेली. समोरच्या आजी दारातूनच परतल्या. लेकीने आम्हा दोघांच्या बुटांखाली रबरी पट्ट्यात बसवलेले खिळे चढवले, तरी खालच्या पायरीपर्यंतच जायचं असं बजावलं. दवाखान्यात आज मनगटं आणि खुबे येणार, असं ती म्हणाली. ती तिथेच काम करते, तिला ठाऊक.

सबंध शहर गोठण्यासाठी बांधलेलं आहे: नळ आपल्यापेक्षा कितीतरी खोल पुरलेले, खिडक्यांना तीन काचा, छपरांना बर्फ अडवायचे कठडे. शून्याच्या मागेपुढे झुलणाऱ्या हवेसाठी मात्र फारसं काही करता येत नाही. आणि हिवाळे सौम्य होताहेत तसे हे झुलणारे दिवस वाढताहेत, असं जावई म्हणाला. लोक गरम हिवाळ्याला खूष असतील असं मला वाटायचं. इथे आज सगळे वैतागलेले होते.

सातच्या सुमाराला ट्रॅक्टर आला. मागच्या फिरत्या चकतीतून बारीक खडी रस्त्यावर उडत होती. मी तेवढ्यासाठी खाली उतरलो, पायरीपर्यंतच. मूठभर उचलून पाहिली: फोडलेला, कोनेरी दगड, दोन ते सहा मिलिमीटरच्या आसपासचा, गोल नाही, म्हणजे रुततो. चालकाने काच खाली केली, काहीतरी विचारलं. मी खडीकडे बोट दाखवून अंगठा वर केला. त्याने मान हलवली आणि पुढे गेला.

जावयाने सांगितलं की बर्फ वितळला की ही सगळी खडी वसंतात झाडून गोळा करतात. तेव्हा काही आठवडे रस्त्यांवर धुळीचे लोट असतात, लोक खोकतात, पेपरात तक्रारी येतात.

"पुढच्या वेळी एप्रिलमध्ये या बाबा," लेक म्हणाली. "ऊन असतं. धूळ असते थोडी, पण ऊन असतं."

"धुळीसाठी एवढ्या लांब कशाला?" ही म्हणाली. "ती कोथरूडला आहे की."